मदत हवी आहे: एक्स-मेन थेट १२९व्या अंकापासून वाचायला घेतलंय, मागे जाऊ की पुढे?

लोकहो, कॉमिक्स वाचणारं कोणी आहे का इथे? भाचा हॉस्टेलला जाताना त्याची खोकी आमच्याकडे टाकून गेलाय, त्यातलं एक पुस्तक सहज चाळायला घेतलं, एक्स-मेन या अमेरिकन सुपरहिरोंच्या टोळीचं डार्क फीनिक्स सागा, लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रं जॉन बर्नची, १९८० चे अंक आहेत, आणि चाळता चाळता असा अडकलो की जेवायला हाका मारून बायको दमली.

अडचण अशी की हे पहिल्यापासून नाहीच्चे! सुरुवातच १२९ पासून. मंडळी स्कॉटलंडजवळच्या कुठल्याशा बेटावरून घरी निघालीयेत, तिथे कशाला गेली होती देव जाणे, चेहरे सगळ्यांचे मयताला जाऊन आल्यासारखे. टोळीतलं जोडपं स्कॉट आणि जीन एकमेकांना मेलेलं समजत होते म्हणे, ते का? या सगळ्यांचे गुरू प्रोफेसर झेवियर बरेच दिवसांनी परत आलेत, कुठून आले माहीत नाही, पण आल्या आल्या स्कॉटच्या डोक्यावर बसलेत. त्यात जीनला मधेच जुन्या काळातले भास होतात आणि तो जेसन विनगार्ड नावाचा कल्लेवाला गृहस्थ तिच्यामागे का लागलाय ते कळत नाही. पट्टीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं अमका अंक पहा. अहो पाहतो, पण आणू कुठून?

आम्ही इंद्रजालवर वाढलेली माणसं. वेताळाचं बरं होतं, कुठलाही अंक उचला, कवटीची अंगठी दिसली की झालं, बाकी काही माहीत असायची गरज नाही. इथे सगळेच एकमेकांचे जुने हिशेब घेऊन बसलेत.

तरी सोडवत नाहीये हो. १३२ मध्ये ते दोघं डोंगरमाथ्यावर असतात आणि जीन स्कॉटचा चष्मा काढते, त्याच्या डोळ्यांतून निघणारे किरण स्वतःच्या शक्तीने रोखून धरते, बास, तेवढंच. ते पान परत परत पाहिलं. आणि त्याच अंकाच्या शेवटी टोळीतलाच पंजेवाला वुल्वरीन गटारात पडलेला, बाकीचे सगळे पकडले गेलेत आणि हा म्हणतो आता माझी पाळी. तिथे थांबलोय.

तर पुढे वाचू की आधी मागचं शोधू? १९६३ पासून सगळं वाचणं या जन्मी होणार नाही. भाच्याला विचारलं तर "मामा वाच ना गप, कळेल" एवढंच उत्तर. सिनेमे पाहिलेत त्यामुळे जीनचं काही धड होत नाही एवढं माहितीये, बाकी प्लीज फोडू नका.

प्रतिसाद १

मागे जा, पण १९६३ पर्यंत नको. स्टॅन ली आणि जॅक कर्बीची ती मूळ मालिका फार चालली नाही, १९७० मध्ये नवीन गोष्टी बंद झाल्या आणि ६७ ते ९३ या अंकांत जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या. खरी गाडी सुरू होते १९७५ च्या जायंट-साइज एक्स-मेन १ पासून, लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम. स्टॉर्म, कोलोसस, नाइटक्रॉलर हे त्यातच पहिल्यांदा आले, वुल्वरीन आधी हल्कच्या अंकात येऊन गेला होता. ९४ पासून क्लेअरमाँट, ते थेट १९९१ पर्यंत. म्हणजे तुमच्या पुस्तकाआधीचे मोजून ३६ अंक झाले. एसेन्शियल एक्स-मेन नावाचे जाड खंड मिळाले तर बघा, साधा कागद, कृष्णधवल, पण पहिल्या खंडात जायंट-साइज आणि ९४ ते ११९ आणि दुसऱ्यात १२० ते १४४ येतात.

प्रतिसाद २

वरच्यांशी असहमत. १३२ च्या त्या पानावर पुस्तक मिटून ३६ अंक मागे जा म्हणणं म्हणजे छळ आहे, १३३ आत्ता उघडा!

आणि १२९ ही वाटते तितकी वाईट जागा नाहीये. किटी प्राइड आठवतेय ना, ती डोकेदुखीवाली साडेतेरा वर्षांची पोरगी? ती १२९ मध्येच पहिल्यांदा आलीये. तिलाही यातलं कोणी माहीत नाही, आइस्क्रीम खाता खाता स्टॉर्म तिला झेवियरच्या शाळेबद्दल सांगते ते खरं तर तुम्हालाच सांगतेय. विनगार्डचं म्हणाल तर त्या वेळी नियमित वाचणाऱ्यांनाही तो कोण ते सांगितलेलं नव्हतं, मुद्दामच. तुमचं काही राहिलेलं नाही.

किमान सामान देतो. अंतराळयान कोसळतं आणि जीन फीनिक्स होऊन पाण्यातून वर येते तो अंक १०१. तिची ताकद नक्की किती ते कळायला १०८, बर्नचा हा पहिला अंक. अंटार्क्टिकात जुना शत्रू मॅग्नेटोच्या तळावर मारामारी होते आणि टीमची ताटातूट होते, जीन आणि जुना साथीदार बीस्ट एकीकडे, बाकीचे दुसरीकडे, दोन्हीकडच्यांना वाटतं पलीकडचे मेले. झेवियर दरम्यान परग्रहावरच्या प्रेयसीबरोबर, लिलँड्राबरोबर, दुसऱ्या आकाशगंगेत. स्कॉटलंडचं प्रकरण १२५ ते १२८, म्हणून ते मयताचे चेहरे. हे चार अंक पुस्तक संपल्यावर वाचा, आधी नको.

धागाकर्ता

दोघांचे आभार! किटीचं लक्षातच आलं नव्हतं. दुसरे, तुमचं ऐकतो, १३३ वाचला आत्ताच, वुल्वरीन एकटा, काय मारलंय! एकच शंका, पुस्तक १३७ ला संपतं, मग तिथे थांबलं तर चालतं का?

प्रतिसाद २

नाही नाही, १३८ मिळवाच. मारामारी जवळजवळ शून्य, पण त्यात स्कॉट १९६३ पासूनचा सगळा इतिहास आठवत बसतो, सगळी जुनी मंडळी, कोण कधी आलं, कोण गेलं. तुमच्यासारख्याला आयती उजळणी. का आठवतोय ते सांगत नाही. मग १४१-१४२ पण घ्याच, दोनच अंक आहेत.

प्रतिसाद १

१३८ आधी वाचून मग मागे गेलात तर ३६ अंकांतली निम्मी मजा जाईल हो. बघा बुवा, तुमची मर्जी.

धागाकर्ता

आता तुम्ही दोघं भांडू नका. १३७ पर्यंत संपवतो, मग तुमचे चार, मग १३८, आणि हौस राहिली तर ९४ पासून. एसेन्शियलचा दुसरा खंड पुण्यात कोणाकडे असेल आणि वाचायला देणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कव्हर घालून वाचेन आणि वेळेत परत देईन.