मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलींसोबत सिरियल-सिनेमातल्या 'लग्नाआधी दिवस गेले' सीनवर बोलायचंय

हडपसरच्या एका वस्तीत दर शनिवारी आम्ही दोघीजणी मुलींचं सेशन घेतो, पंधरा-सोळा जणी असतात. मागच्या वेळी विचारलं की सिरियलमध्ये मुलीला दिवस गेलेत हे कसं कळतं, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "उलटी आणि चक्कर!" पुढे काय होतं? "आई थोबाडीत मारते, मग लग्न." मुलगा कुठे असतो विचारलं तर सगळ्या गप्प. मला ते फार लागलं, कारण खरंच असं काही झालं तर पोरगी आधी आईपासूनच लपवणार ना.

एमटीव्हीच्या 'सिक्स्टीन अँड प्रेग्नंट' या, दिवस गेलेल्या टीनएज मुलींवरच्या रिअ‍ॅलिटी शोबद्दल सांगून बघितलं, तो 2009 ला अमेरिकेत सुरू झाला आणि केअर्नी-लेविन या दोन अर्थतज्ज्ञांनी अंदाज काढला की या शोमुळे नंतरच्या दीड वर्षात तिथे टीनएज मुलींची बाळंतपणं 5.7 टक्क्यांनी कमी झाली (हा आकडा पुढे इतरांनी खोडलाही), पण मुली म्हणाल्या, "ताई, ते तिकडचं." 'क्या कहना'ची क्लिप दाखवली तर तिच्यातली हिरोईन कॉलेजातली, आमच्या पोरी पंधराच्या.

पॉक्सो, गर्भपाताचा कायदा हे डॉक्टर मॅडम वेगळं सांगणार आहेत, ते नकोय. प्रोजेक्टर नाही, फक्त मोबाइल, वेळ 40 मिनिटं, आणि आया दारातच बसलेल्या असतात.

तर मराठीत असा एखादा पाच-सात मिनिटांचा सीन किंवा शॉर्टफिल्म कुणी वापरलीय का, ज्यात मुलगी घरच्यांशी बोलते आणि मुलगाही जबाबदार धरला जातो? आणि दाखवल्यावर पहिला प्रश्न काय विचारलात की मुली बोलत्या झाल्या?