मदत हवी आहे: टीमसोबत ट्रायथलॉन कॅम्प, समुद्रात पोहण्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आमची कोल्हापूरची टीम यंदा गोव्याच्या आयर्नमन ७०.३ मध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीत उतरतेय. त्याआधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चार-पाच दिवसांचा कॅम्प ठरलाय.

९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं जमेल, गगनबावड्याचा घाट पायांत मुरलाय. दमटपणा छळणार, पण तो सगळ्यांनाच. प्रश्न आहे तो १.९ किमी पोहण्याचा. आमच्यातले निम्मे फक्त तलावात पोहलेत, तेही दर २५ मीटरला भिंतीला पाय मारून. समुद्रात ना भिंत, ना तळाची रेघ. बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) कुठे आहे ते मान वर काढून बघावं, तर तेवढ्यात लाट तोंडात! त्यात मांडवीचं मुख जवळ, म्हणजे भरती-ओहोटीचा ओढ आलाच.

तर तिथे सराव केलेल्यांनी सांगा. पावसाळा सरता सरता पाणी पोहण्याजोगं असतं का, की आधी मालवणला चिवला बीचवर जाऊन भीती मोडावी? सोबत कयाकवाला (छोट्या होडीतून लक्ष ठेवणारा) ठेवायचाच आहे, तो कुणामार्फत मिळतो? भरतीच्या वेळेला उतरावं की ओहोटीच्या?

अजून एक. सायकली टेम्पोत उभ्या बांधून नेल्या तर डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) वाकतो म्हणतात. चाकं काढून गाद्यांत गुंडाळणं पुरतं का?

आणि हो, मानेला ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत घालायचा अंगाला चिकटणारा पोशाख) घासून मिठाने जी आग होते, त्यावर व्हॅसलीनपेक्षा बरं काही?