शेंगेन व्हिसावरील ९० दिवस नेमके कसे मोजायचे? आईबाबांच्या दुसऱ्या खेपेसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझी थोरली बहीण जर्मनीत स्टुटगार्टला राहते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे बाळंतपण अपेक्षित आहे आणि त्यासाठी आईबाबांनी २० ऑगस्टला तिथे पोहोचून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राहावे असा घरातला बेत आहे. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाची, अडचण नाही. गेल्या तीन वर्षांत दोन वेळा व्हिसा घेऊन दोन्ही वेळा ते मुदतीत परत आलेले असल्यामुळे, भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सवलतीनुसार, या वर्षी जानेवारीत त्यांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळाला. अडचण आहे ती दिवसांच्या हिशेबाची.

याच व्हिसावर ते यंदा एकदा जाऊन आले आहेत. १० मार्च २०२५ रोजी ते फ्रँकफर्टला उतरले, मे महिन्यात चार दिवस ताईसोबत स्वित्झर्लंडला गेले आणि २९ मे रोजी पहाटे मुंबईला परतले. व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाचे दिवस ९० असे छापलेले आहे.

आता चार माणसांची चार मते आहेत. तिकीट काढून देणारे गृहस्थ म्हणतात की व्हिसा मल्टिपल एंट्रीचा असल्याने प्रत्येक प्रवेशाला नवे ९० दिवस मिळतात. बाबांच्या मते वर्षाचे जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असे दोन भाग पडतात, आणि जुलै लागल्यामुळे मागचे खाते आपोआप बंद झाले. शिवाय स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्यामुळे ते चार दिवस वजा करावेत असाही त्यांचा आग्रह आहे. (बाबा बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे हा आग्रह सहजासहजी सुटणारा नाही.) भावोजींच्या हिशेबाने मात्र जेमतेम दहा दिवस शिल्लक आहेत. मी स्वतः नियम वाचला, परंतु ‘कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस’ यातील ‘कोणत्याही’ या शब्दापाशी अडकलो. तिकिटांचे पैसे या आठवड्यात भरायचे आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या भावोजींचे उत्तर २० ऑगस्टपुरते बरोबर आहे. बाकीची दोन्ही मते चुकीची आहेत, आणि तिकीटवाल्यांचे मत धोक्याचेही आहे. मल्टिपल एंट्री म्हणजे दार पुन्हा उघडण्याची परवानगी. दिवसांचा साठा मात्र एकच असतो.

‘कोणत्याही १८० दिवसांत’ याचा अर्थ असा की हा काळ ठरावीक तारखेला सुरू होऊन ठरावीक तारखेला संपत नाही. मोजण्याची ही पद्धत १८ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. त्याआधी पहिल्या प्रवेशापासून सहा महिने धरत असत, आणि जुन्या प्रवाशांच्या डोक्यात अजून तेच असते. आता मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यांतील आपण शेंगेन क्षेत्रात काढलेल्या दिवसांची बेरीज ९० च्या वर जाता कामा नये. प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन हे देश युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे ते चार दिवस वजा होत नाहीत. हाच फेरफटका आयर्लंडचा असता तर निराळी गोष्ट होती, कारण तो देश संघात असूनही शेंगेनमध्ये नाही.

आता हिशेब. आईबाबा २८ मे रोजी तिथून निघाले असे धरतो. मार्चचे २२, एप्रिलचे ३० आणि मेचे २८ असे ८० दिवस झाले. २० ऑगस्टला मागे पाहिले तर १८० दिवसांची खिडकी २२ फेब्रुवारीपर्यंत जाते, म्हणजे सगळे ८० दिवस तिच्यात येतात. उरलेले दहा दिवस २९ ऑगस्टला संपतील आणि ३० तारखेपासूनचा मुक्काम बेकायदा ठरेल, तोही बाळाचा जन्म होण्यापूर्वीच.

१० मार्च हा दिवस खिडकीतून बाहेर पडतो ६ सप्टेंबरला, आणि तिथून पुढे रोज एक जुना दिवस गळत जातो. म्हणून ते २६ ऑगस्टला पोहोचले, तर दहावा दिवस ४ सप्टेंबरला येतो, ५ सप्टेंबरला बेरीज ९१ होते आणि सगळे बिघडते. एकच दिवस उशिरा, २७ ऑगस्टला पोहोचले, तर दहावा दिवस ५ सप्टेंबरला येतो. दुसऱ्या दिवसापासून एक दिवस चढतो तेव्हा एक जुना दिवस उतरतो, बेरीज ९० वरच राहते आणि २४ नोव्हेंबरपर्यंत सलग ९० दिवस मिळतात. एका दिवसाच्या फरकाने दहाचे नव्वद होतात, हे पहिल्यांदा कोणालाच खरे वाटत नाही. पडताळा सोपा आहे: मध्ये पूर्ण ९० दिवस शेंगेनबाहेर काढले की नवे ९० दिवस मिळतात, आणि २९ मे ते २६ ऑगस्ट हे बरोबर ९० दिवस होतात. तरीही युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात तारखा घालून स्वतः पाहावे.

प्रतिसाद २

वरील हिशेब अचूक आहे, पण तो २८ मे या गृहीतावर उभा आहे. मुंबईचा शिक्का बाजूला ठेवून शेंगेनमधून बाहेर पडतानाचा शिक्का पाहावा. त्यावर विमानाचे चित्र आणि बाहेर जाणारा बाण असतो. परतताना विमान पॅरिसला किंवा ॲम्स्टरडॅमला बदलले असेल तर तो शिक्का तिथला असेल. येत्या १२ ऑक्टोबर २०२५ पासून ही नोंद संगणकावर घेण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात होणार आहे, तेव्हा परतीच्या वेळी चेहऱ्याचे छायाचित्र काढले तर आईबाबांनी गोंधळून जाऊ नये.

तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ, या भरवशावर जाऊ नये. अकल्पित आपत्ती, मानवतेची निकड किंवा गंभीर वैयक्तिक कारण असेल तरच ती मिळते. आधीपासून ठाऊक असलेले बाळंतपण त्यात बसवणे कठीण आहे. मुदत ओलांडल्याची नोंद झाली तर पुढचा व्हिसा अडतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही पासपोर्ट पाहिले. फ्रँकफर्टचा शिक्का २८ मे याच तारखेचा आहे. बाबांनी कागदावर स्वतः सगळे दिवस मांडून पाहिले आणि ‘जमते’ एवढेच म्हणाले.

२७ ऑगस्टचे तिकीट मात्र आईने नाकारले, कारण त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्यामुळे २८ ला विसर्जन करून साताऱ्याहून निघायचे, मध्यरात्रीनंतरचे विमान धरायचे आणि २९ ऑगस्टला सकाळी पोहोचायचे असे ठरले आहे. ९० वा दिवस २६ नोव्हेंबरला येतो; परतीचे तिकीट २३ नोव्हेंबरचे काढत आहे.