प्रतिसाद: आवाज घसरतोय, पण कॉम्प्युटर बदलू नका

मोबाईलवर घेतलेल्या मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, वीस मिनिटांनी घसरतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर नवीन कॉम्प्युटर घ्यायचा सल्ला कुणी दिला, तो काही पटला नाही.

आधी फाईल मीडियाइन्फोमध्ये उघडा; फाईलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. फ्रेम रेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसलं तर चोर सापडला. मोबाईल दर सेकंदाला तेवढ्याच फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो असं नाही, आणि एडिटिंगची टाईमलाईन मात्र ठरलेल्या चालीने चालते. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट' (ठरलेला वेग) निवडून नवी फाईल बनवा आणि तीच कापायला घ्या. मूळ फाईल पुसू नका!

मीडियाइन्फोमध्ये 'कॉन्स्टंट' दिसलं आणि घसरण एकसारखी वाढत असेल, तर सेकंदाला २४ फ्रेम आणि २३.९७६ फ्रेम यांची गल्लत तपासा. फरक हजारात एकाचा, पण तासाभरात ३.६ सेकंद होतात. तुमच्या वीस मिनिटांना सव्वा सेकंदाच्या आसपास.

हाताने जुळवत मात्र बसू नका. मी एकदा दर दोन मिनिटांनी आवाज कापून सरकवत अख्खी रात्र घालवली होती. सकाळी दिग्दर्शकाने प्रश्नांचा क्रमच बदलला. पुन्हा पहिल्यापासून.

मीडियाइन्फोचा मजकूर इथे टाका, बघून सांगतो.