दीड फुटी टाकीत नक्की किती मासे मावतात?

काचेचं_घर:
नमस्कार मंडळी, तीन आठवड्यांपूर्वी टाकी लावली, ४५ सेमी लांब, ३० रुंद, ३० उंच. हौसेने २ छोटे गोल्डफिश, ४ गप्पी आणि काच साफ ठेवतो म्हणून १ सकर असं सगळं एकाच दिवशी घेऊन आले. आता मुलीला निऑन टेट्रा पण हवेत. मला टाकी अजून रिकामीच वाटते, पण कोणी म्हणतं अजून १० टाका, कोणी म्हणतं आहेत तेच जास्त. चार दिवसांपासून सकाळी बघते तर सगळे वर येऊन तोंड उघडमीट करत असतात, पाणी मात्र एकदम नितळ आहे. आकडा काढायचा कसा?

पाणीबदल:
ताई आकडा नंतर, आधी आजच पाव टाकी पाणी बदला, नवीन पाण्यातलं क्लोरीन काढून मगच घाला आणि एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा, उपाशी मरत नाहीत. वर येतायत म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय नाहीतर अमोनिया-नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) वाढलंय. ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून नितळ पाण्यावर विसंबू नका, टेस्ट किट घ्या. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण ते बॅक्टेरिया फिल्टरमध्ये पुरेसे तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्याकडे ते तयार व्हायच्या आधीच ७ मासे आले. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका प्लीज, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

शेवाळ:
हिशोब मी सांगतो. काचेच्या मापाने तुमची टाकी ४० लिटरची, पण खाली खडी, वर बोटभर मोकळी जागा, म्हणजे खरं पाणी ३० लिटर धरा. जुना ठोकताळा असा की साधारण ४ लिटरला १ इंच मासा, म्हणजे ७-८ इंच झाले. पण हा इंच पूर्ण वाढलेल्या माशाचा, आज पिशवीतून आणलेल्या पिल्लाचा नाही, लोक इथेच फसतात. गोल्डफिश ६-८ इंच सहज होतो, सकर तर फूटभर. शिवाय हा ठोकताळा फक्त छोट्या सडपातळ माशांनाच लागू, कारण लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास ८ पट होतं आणि घाणही तशीच वाढते. तेव्हा गोल्डफिश आणि सकर या टाकीतले नव्हेतच. मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या किंवा दुकानात परत करा, पण नदी-तळ्यात अजिबात सोडू नका, सकर तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

गप्पीवाली:
शेवाळ यांच्याशी सहमत, पण इंच मोजून गप्पी मोजता येत नाहीत हो! मी २ नर ४ माद्या आणल्या होत्या, टाकी तुमच्या दुप्पट, तीन महिन्यांत मोजदाद सोडली. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि नर काढून टाकला तरी आधी साठवलेल्या शुक्राणूंवर पुढचे काही महिने देत राहते. मग एका रात्री लाइट गेली, पंप बंद, सकाळी ११ मासे मेलेले. गर्दी नसती तर तेवढे तास निभावले असते असं मला अजूनही वाटतं. फक्त नर ठेवा.

काचेचं_घर:
टेस्ट केली, अमोनिया १ दाखवतंय :( पाणी बदललं, उद्या परत बदलणार. गोल्डफिश आणि सकर ओळखीच्यांच्या ४ फुटी टाकीत जातायत. गप्पींमध्ये एक मादी आहे, पोटाजवळ काळा डाग दिसतोय, तीही त्यांनाच देते. मग ३ नर राहतील, त्यात निऑन किती?

पाणीबदल:
आत्ता शून्य. निऑन नाजूक असतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य आले की ६ आणा, त्यापेक्षा कमी नको, एकटेदुकटे ते घाबरून कोपऱ्यात बसतात.

शेवाळ:
३ नर आणि ६ निऑन म्हणजे ठोकताळ्याच्या वरच जातंय. दर आठवड्याला पाव पाणी बदलणार असाल तर चालेल, पण त्यानंतर एकही नाही.

काचेचं_घर:
चालेल, वार ठरवून टाकते. मुलीला सांगितलंय, ती कॅलेंडरवर फुल्या मारत बसलीय.