जुन्या मॅसी ३५ चं इंजिन बांधून घेतलं, तरी मागून तेल गळतंय आणि निळा धूर

मांगरवाला, राजापूर

नमस्कार मंडळी. घरी जुना मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलेंडर पर्किन्सवाला. आजोबांनी घाटावरून आणलेला, बरीच वर्षं मांगरात उभाच होता. विकायचा नाही हे घरात पक्कं आहे म्हणून यंदा फुल इंजिन काम करून घेतलं, लायनर पिस्टन रिंगा बेअरिंगं सगळं नवीन, हेडला वॉल्व्ह गाईड बदलल्या, नोझल टेस्ट करून आणले, डिझेल पंप पण बेंचवर लावून घेतला.

चालू एका सेल्फला होतो, ऑईल प्रेशर छान आहे, आवाज ऐकून वडिलांचे डोळे भरून आले. पण गरम झाला की निळा धूर धरतो आणि बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला भाग) खाली ती भोकातली स्प्लिट पिन असते ना तिथून थेंब थेंब तेल पडतं. टॅपेट कव्हरची कड ओली, तेल भरायच्या झाकणाकडे ओलं, तेल बघायची पट्टी, म्हणजे गेज काढलं तर तिथूनही फसफस वाफ येते. मिस्त्री म्हणतात क्रँकचं मागचं सील गेलंय, ट्रॅक्टर परत मधून तोडावा लागेल, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं करावं लागेल. दुसरे एक म्हणाले रिंगा उलट्या बसल्यात. मृग तोंडावर आलाय, चिखलणीला ट्रॅक्टर हवा आहे, एवढा खर्च करून परत खोलायचं जिवावर येतंय. काय बघू आधी?

पानेवाला, लांजा

घाई करून तोडू नका. एवढं सांगा आधी. १) खाली पडतं ते तेल काळं पातळ आहे की जाड, गिअर तेलाच्या उग्र वासाचं? २) गेजवर लेव्हल कमी होतेय की वाढतेय? ३) इंजिन बांधल्यापासून लोडवर किती चाललंय? ४) एअर क्लीनरच्या वाटीत तेल खुणेपर्यंतच आहे ना?

मांगरवाला, राजापूर

तेल काळं, पातळ. लेव्हल थोडी कमी होते. लोड काहीच नाही दिलेला, मिस्त्रींनी सांगितलं होतं नवीन इंजिन आहे सावकाश घ्या, म्हणून रोज संध्याकाळी अंगणात आयडलला ठेवतो. वाटीतलं तेल खुणेच्या वर होतं, आत्ता बघितलं.

पानेवाला, लांजा

मग बरंच कळलं. काळं पातळ म्हणजे इंजिनचं तेल. जाड असतं तर गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, म्हणजे इंजिनचा काही संबंधच नाही, आणि हे न बघता कितीतरी जण नवीन क्रँक सील घालून बसतात.

वाटीतलं जास्तीचं तेल आधी काढा. ही वाटी, म्हणजे ऑईल बाथ, जास्त भरली की इंजिन ते तेल हवेबरोबर ओढतं आणि जाळतं, धूर निळाच दिसतो. आणि हे गंभीर आहे, डिझेल इंजिनला बाहेरून तेल मिळालं तर ते स्वतःच्या मर्जीने पळायला लागतं, स्टॉप ओढून बंद होत नाही कारण ते पंपाच्या डिझेलवर चालतच नसतं. अशा वेळी हवेचं तोंड जाड फळीने बंद करायचं, हात किंवा फडकं जवळ नेऊ नका. फळी जवळ ठेवूनच चालू करत जा सध्या.

लेव्हल वाढत असती तर मी फीड पंपाकडे बोट दाखवलं असतं. त्याचा डायफ्रॅम फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये (इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागात) उतरतं, तेल पातळ होतं, बेअरिंगं जातात. तुमचं तसं नाही, तरी रोज सकाळी गेज बघायची सवय ठेवा, तेलाला डिझेलचा वास येतो का तेही.

आता गळती. टॅपेट कव्हर, झाकण, गेज, मागचं सील, सगळीकडून एकदम येतंय म्हणजे चेंबरमध्ये दाब साठतोय. जिथे वाट मिळेल तिथून तो तेल बाहेर ढकलतो.

कुडाळी नांगर

माका पण तसाच वाटता. ब्रीदरची नळी, चेंबरातली वाफ भायर सोडता ती, काढून बघा पयली. आमच्याकडे गाडी पावसाळाभर हुबी रवली काय कुंभारीण माशी नळयेत मातयेचा घर करता, भायरसून काय दिसणा नाय. इंजिन बांधताना सगळा धुतात आणि ती नळी तशीच लावतत.

मांगरवाला, राजापूर

कुडाळी, तुम्हाला दंडवत. नळी काढून तार घातली, आत तांबड्या मातीचा गच्च बुच होता, वितभर आत, सुकून दगड झालेला. फुटला तेव्हा आतून वाळलेले कोळी पडले. डिझेलने नळी धुवून लावली. आता गेजमधून वाफ जवळजवळ नाही. टॅपेट कव्हरची पुढची कड पुसून ठेवली होती ती कोरडी राहिली. खालचे थेंब कमी झालेत पण थांबले नाहीत, निळा धूरही थोडा आहेच.

पानेवाला, लांजा

छान काम झालं. आता राहिलेल्या थेंबाचं मूळ शोधा. इंजिनची मागची बाजू डिझेलने धुवा, पुसून कोरडी करा, वर कॅरमची पावडर शिंपडा आणि अर्धा तास चालवा. तेलाची रेघ पावडरीवर स्पष्ट उमटते. वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा फिल्टरच्या जोडावरून आलेलं तेल ब्लॉकवरून ओघळत बेल हाऊसिंगमध्ये शिरतं आणि बिचाऱ्या सीलवर आळ येतो.

वरून कोरडं असेल तरच सील. जुन्या पर्किन्सला मागे दोरीचं सील असतं, दोन अर्ध्या हाऊसिंगमध्ये. ती दोरी तेलात भिजवून, गोल दांड्याने खाचेत नीट दाबून बसवायची असते आणि टोकं हाऊसिंगच्या कडेपेक्षा किंचित वर ठेवायची, अगदी अर्ध्या मिलिमीटरच्या आत, म्हणजे जोड आवळल्यावर ती एकमेकांवर दाबतात. टोकं कडेच्या सपाट कापली की तिथूनच गळतं. नंतरच्या इंजिनांना रबराचं लिप सील आलं, सामान आणताना इंजिन नंबर दाखवूनच घ्या. दोरी थोडी झिरपतेच सुरुवातीला, दिवसाला दोन थेंबांसाठी मी ट्रॅक्टर तोडणार नाही.

देवगडचा ट्रॉलीवाला

धुराचं मी सांगतो, पन्नास तास तरी बिनलोड चालवा, रिंगा आपोआप बसतात. सिंथेटिक तेल टाका, झीज होत नाही.

पानेवाला, लांजा

ट्रॉलीवाले, दोन्ही गोष्टींना माझा ठाम विरोध. रिंग लायनरवर बसते ती मागून आलेल्या गॅसच्या दाबाने, आणि दाब येतो लोडवर. आयडलला नुसतं फिरवत ठेवलं की होनिंगच्या (लायनर आतून घासून काढलेल्या) तिरप्या रेघांवर जळक्या तेलाचा गुळगुळीत थर चढतो, लायनर काचेसारखा चकचकीत होतो, मग रिंग तेल खरवडतच नाही. धूर निळा, ब्लो-बाय (रिंगांवरून चेंबरमध्ये निसटणारा गॅस) जास्त, तेल खाणं चालू. सिंथेटिक तेलाने तर रिंगा बसायला आणखीच वेळ लागतो. सुरुवातीला साधं मिनरल तेल टाका, पहिलं तेल लवकर बदला कारण त्यात लोखंडाची पूड येते.

मांगरवाले, गाईडची काळजी करू नका, डिझेलला थ्रॉटल नसतो त्यामुळे पेट्रोलसारखं गाईडमधून तेल ओढलं जात नाही. रिंगा उलट्या असतील तर लोड देऊनही धूर हटणार नाही, बसायच्या असतील तर कमी होत जाईल, फरक तिथेच कळेल. आयडल बंद करा. गरम झाला की कामाला लावा, नांगर अर्ध्या लोडवर, मध्येच थोडा पूर्ण जोर, मग सोडा. रेडिएटर आणि ऑईल प्रेशरवर नजर ठेवा. मिस्त्रींना हेडचे नट परत टॉर्क पान्याने आवळायला आणि टॅपेटची फट बघायला सांगा, थंड इंजिनला ०.३० मिमी. हे केल्यावरही धूर हटला नाही तरच हेड उतरवून लायनर परत होन करायचे.

मांगरवाला, राजापूर

पावडर केली. रेघ वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली, गॅस्केट तिथे मुडपलेली. मागच्या सीलकडे कोरडं! गॅस्केट बदलली. मिस्त्रींना सगळं दाखवलं, त्यांनी मनावर घेतलं, उद्या हेड आवळायला येतायत. मग वरकसाच्या सपाट पट्टीत नांगर लावतो, धुराचं तेव्हा कळवतो.

कुडाळी नांगर

नळयेच्या तोंडाक बारीक जाळी बांधा, पण कापड नको, हवा भायर येवक व्हयी. नायतर गणपतीपर्यंत कुंभारीण परत येतली.