ल ग्विनच्या कथा: क्रमानेच वाचा

'कुठूनही उघडा, कुठलीही कथा वाचा' हा नेहमी दिला जाणारा सल्ला बहुतेक कथासंग्रहांना लागू पडतो, पण अमेरिकन विज्ञानकथा-कल्पनारम्य लेखिका उर्सुला ल ग्विनच्या 'द विंड्स ट्वेल्व्ह क्वार्टर्स'ला (१९७५) नाही. यातल्या सतरा कथा साधारण लेखनक्रमाने लावल्यात आणि प्रत्येकीआधी लेखिकेचं छोटं टिपण आहे. ती टिपणं अजिबात गाळू नका.

क्रमाने वाचलं की लेखिका घडताना दिसते. १९६४च्या दोन लहानशा कथांत अर्थसी या तिच्या काल्पनिक जगाची बेटं आणि खऱ्या नावांची जादू (खरं नाव कळलं की त्यावर ताबा येतो) पहिल्यांदा येते. अर्थसीवरची कादंबरी आली ती थेट १९६८ला! पण मला सगळ्यात भावते ती 'विंटर्स किंग'. ती गेथेन या काल्पनिक ग्रहावर घडते, तिथली माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. मूळ कथेत या लोकांसाठी 'तो' होतं. संग्रहासाठी तिने ते बदलून सगळीकडे 'ती' केलं, पदव्या मात्र राजा, सरदार अशाच ठेवल्या. 'ती' राजा! एका सर्वनामाने अख्खी कथा वेगळी वाटायला लागते. छापून झालेल्या आपल्याच कथेकडे इतक्या प्रामाणिकपणे परत जाणारे लेखक किती असतील?

'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' ही कथा बहुतेकांनी सुटी वाचलेली असते: ओमेलास या सुखी शहराचं सुख एका मुलाच्या हालांवर उभं असतं, आणि ते न सोसून काहीजण शहर सोडून जातात. इथे ती वाचून थांबू नका, शेवटच्या 'द डे बिफोर द रेव्होल्यूशन'पर्यंत जा. ओमेलास सोडून जाणाऱ्यांपैकीच एकीची ही गोष्ट, असं तिनेच टिपणात म्हटलंय.